कडू नव्हे, तिखट

कर्वेनगर, पुणे
२८ जानेवारी

प्रिय स्वराली,

आधी तक्रार नोंदवून घे. गणपतीला आलीस तेव्हा इटलीहून तिथल्या कडू पालेभाजीच्या बियांचं जे पाकीट आणलंस, त्यावरचं नाव मी तीन महिने अख्ख्या सोसायटीत 'रॅडिचिओ' म्हणून मिरवलं. मग तू फोनवर थंडपणे म्हणालीस, "बाबा, रादिक्यो." तीस वर्षं पोरांचे उच्चार तासलेल्या संस्कृतच्या मास्तरावर पोटच्या लेकीने ही वेळ आणावी, यालाच कलियुग म्हणतात. तुझ्या आईने मात्र पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं, आणि वर मला, "अहो, उच्चार पुरे, पाणी घाला."

पिकाची हकीगत अशी. दसऱ्याला गच्चीवर दोन खोक्यांत बी पेरलं. नोव्हेंबरभर नुसती हिरवी, मोकाट पानं. आपले सेक्रेटरी रणजितराव रोज विचारायचे, "सर, तण उपटायचं राहिलं का?" डिसेंबरात थंडी पडली आणि पानं आत वळली, तांबडी झाली. पांढऱ्या शिरांचा मुठीएवढा गड्डा धरला. भोगीला पहिला कापला. चिरून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवला, तरी कारल्याने नमस्कार करावा इतका कडू. आईने हिंग-हळदीच्या फोडणीवर परतून, डाळीचं पीठ पेरून भाजी केली, वर गुळाचा खडा. माझ्या पित्तापायी मिरची घरातून हद्दपार आहे, हे ध्यानात ठेव.

पहिला घास घेऊन ती म्हणाली, "बाई गं, केवढी तिखट!"

मी खूश झालो. तुला आपल्या घरातला जुना वाद ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला ऐकवलं होतं, की संस्कृतात तिक्त म्हणजे कडू आणि कटु म्हणजे तिखट. मराठी माणसाने दोन्हींची अदलाबदल केली. त्यावर तिने मला मिरचीचा ठेचा वाढून "घ्या, कडू आहे" म्हटलं होतं. तेव्हापासून कारलं केलं की ती मुद्दाम 'तिखट' म्हणायची. म्हणून मी दाद दिली, "वा, पद्मजाबाई!" ती हसली नाही. ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, भाजी बिघडली याचं वाईट वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तिने माझ्याकडे झारी मागितली, ती 'चमचा' म्हणून. मग 'ते, पाण्याचं ते' म्हणून. शेवटी स्वतःच उठून घेतली. परवा मंडईत मेथीसमोर उभी राहून नुसतं बोट दाखवलं. देठांवरून भाजीवालीशी हुज्जत घालणारी बाई, जुडी मुकाट्याने पिशवीत टाकून चालू लागली. आता ती कमीच बोलते. मला वाटतं, पकडली जाऊ नये म्हणून. पंधरा दिवसांत मला एकही टोमणा मिळालेला नाही. आयुष्यभर ज्याची प्रार्थना केली ते मिळालं, आणि घरात बसवत नाही. गंमत म्हणजे, 'रादिक्यो' ती अजूनही अचूक म्हणते.

खोक्यांत चार गड्डे उरलेत. कापायला हवेत, उशीर झाला की ते आणखी कडू होतात. पण कापले की भाजी करावी लागेल, आणि ती चाखून काही तरी म्हणेल, म्हणून मी ते तसेच ठेवलेत.

फोनवर हे सांगता येत नाही. फोन स्पीकरवर असतो आणि ती शेजारी. गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडची वेळ घेतली आहे. तिला सांगितलंय, मला चक्कर येते म्हणून जायचंय. तिने हो म्हटलं, काहीही विचारलं नाही. गेल्या रविवारी तिने तुला "भाजी तिखट झाली" म्हणून सांगितलं, तेव्हा तूही हसलीस. माझंच शिकवणं, तुझा दोष नाही. पण स्वराली, तो विनोद नव्हता. पुन्हा असं काही म्हणाली, तर हसू नकोस; ती आपल्या हसण्यावरून स्वतःचं काय चुकलं ते ओळखू पाहते. तुझ्या आईचे शब्द हरवत चाललेत, आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझाच,
बाबा