बैलाविना पिकलेल्या गोळ्या

पनवेल, शनिवार

तीर्थरूप मामांच्या पायी जावई सत्यजीत याचा साष्टांग नमस्कार.

आपली तब्येत ठीक असेल, पावसाळ्यात कुरकुरणारा गुडघा गप्प बसला असेल आणि पाताळगंगेचं पाणी तुमच्या पडवळाच्या मांडवात शिरलं नसेल, अशी आशा करतो. मामींनाही नमस्कार सांगावा. (तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. मामी उचलतात, पण नुसतं ‘हां’ म्हणून ठेवून देतात, त्यात खुशाली कळत नाही.) इकडे मी मजेत आहे. रूपाने आपट्याला माहेरी हवं तितकं राहावं, माझी काडीचीही गैरसोय होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. फक्त तिने तिथे काय सांगितलं असेल या विचाराने जेवण जात नाही, म्हणून माझीही बाजू आपल्या कानावर घालतो.

सुरुवात केतनपासून झाली. केतन म्हणजे माझा शाळेतला मित्र. आधी प्लॉट विकायचा, आता आरोग्य विकतो. गणपतीच्या आधी तो माझ्या टाइल्सच्या दुकानात आला, ग्लासभर पाण्यात आयोडीन टाकून त्याने पाणी तपकिरी केलं, मग त्यात एक गोळी फोडून टाकली, आणि पाणी चक्क निवळलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या शरीरात काही मोकाट कण फिरत असतात (आपल्या बाजारातल्या गुरांसारखे), ते आतून गंज चढवतात, आणि गोळीतली अँटिऑक्सिडंट्स त्यांना वेसण घालतात. बाटलीवर बत्तीस फळांची आणि भाज्यांची चित्रं होती. मामा, तुम्हाला माहीतच आहे, मी लहानपणापासून भाजी ताटाच्या कडेला सारत आलेला माणूस. रूपाने इतकी वर्षं माठ, शेपू, दुधी, काय काय नावं बदलून मला खाऊ घातलं. त्या माणसाला बत्तीस भाज्या एका घोटात गिळायला मिळाल्यावर तो देवाचे आभारच मानणार. मी मानले, आणि बाटली घेतली.

इथवर ठीक होतं. पण ऋषिपंचमी आली. रूपाचा त्या दिवशी उपास असतो, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, आणि तुम्ही दरवर्षी स्वतः कुदळीने खणलेल्या वाफ्यातल्या भाज्या तिच्यासाठी पाठवता. या वर्षी मीच तुम्हाला फोन करून ‘भाजी पाठवू नका’ म्हणालो. तुम्ही विचारलंत, ‘नको म्हंजे? मंग पोर काय खाईल?’ मी म्हणालो, सोय झाली आहे. (तेव्हा तुम्ही फोन उचलत होतात. ते दिवस आठवले की गलबलून येतं.) माझा हिशेब असा होता की या गोळ्या फॅक्टरीत होतात, तिथे बैल कुठून येणार? ऋषींनीही असं निर्मळ अन्न पाहिलं नसेल. त्या दिवशी मला हे फार बुद्धीचं वाटलं होतं.

घरात दीड दिवसाचा गणपती, पाहुणे भरलेले. रूपाने सकाळपासून चार वेळा विचारलं की बाबांची भाजी कधी येते, आणि मी चार वेळा हसून ‘येईल’ म्हणालो. दुपारी केळीच्या पानावर भाजीच्या जागी मी गोळ्या मांडल्या, गोल, नक्षी करून, आणि पाहुण्यांसमोर फ्री रॅडिकल्सवर, म्हणजे त्या मोकाट कणांवर, थोडं बोललोसुद्धा. शेजारची अंकिता मेडिकलमध्ये काम करते. तिने बाटली उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, ‘काका, याचं वरचं कव्हर जिलेटिनचं आहे. ते जनावराच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात.’ कुठल्या जनावराच्या, ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. बैलाचे कष्ट टाळता टाळता मी गणपतीसमोर बहुधा बैलच वाढून ठेवला होता.

रूपाने पान उचललं, जागा पुसली, पाहुण्यांना वाढलं, आरती केली, विसर्जनाला तळ्यावर आली, आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायली. त्या दिवशी तिच्या पोटात दुसरं काही गेलं नाही. सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली आणि तुमच्याकडची बोली तोंडात आणून म्हणाली, ‘तुमी भाजी खात नाय, ता मी चालवून घेतला. माज्या पानातली का काढलीत?’ (ती आपट्याची बोली फक्त फार आनंदात किंवा फार दुःखात बोलते. आनंदाचा प्रश्नच नव्हता.) 

तेव्हापासून मी स्टँडजवळचा वडापाव खातो आणि वर गोळी घेतो. बत्तीस भाज्या रोज पोटात जात असल्या तरी त्यांच्यातली एकही पुढे सरकायला तयार नाही, त्याचं वर्णन वडीलधाऱ्यांना लिहिणं बरं दिसणार नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आयोडीनची जादू सांगितल्यावर त्यांनी लिंबू पिळून तीच जादू मला फुकटात करून दाखवली. म्हणाल्या, भाज्या-फळं खाणाऱ्यांची प्रकृती चांगली राहते हे दिसतं, पण त्यातलं एखादं सत्त्व उपसून गोळीत भरलं की तसा फायदा बहुतेक वेळा दिसत नाही. उलट सिगारेट ओढणाऱ्यांना गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्या मोठ्या डोसने अपायच झालेला आहे. भाजीत चोथा असतो, पाणी असतं, शंभर गोष्टी एकमेकींना धरून असतात, त्या बाटलीत येत नाहीत. कमतरता असेल तर गोळी आम्हीच देऊ, तुम्ही भाजी खा. मग त्यांनी सहज विचारलं, ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’ मामा, बाहेर पेशंटांची रांग होती, आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. त्यांनी रक्तदाबही तपासून घेतला.

असो. रूपाला माझ्याकडून घाई नाही, एवढंच लिहायचं होतं. मामींना पुन्हा नमस्कार, आणि मांडवाला जपावं.

आपला आज्ञाधारक (आता तरी),
सत्यजीत

ता. क. : गैरसोय नाही, घाई नाही असं वर लिहिलं आहे, ते वाचू नये. घर खायला उठतं. तिला पाठवा, मामा. नाहीतर मला बोलवा, मी तुमचा वाफा खणतो. बैल म्हणून जुंपलंत तरी चालेल, पण मग ती भाजी तिला चालणार नाही.

ता. क. दुसरा : तिचं ते एक जेवण राहिलं आहे. म्हणून आज मी स्वतः बाजारातून सुरण, अळू, माठ, पडवळ, मक्याचं कणीस आणून ऋषीची भाजी केली. बैलाचं माहीत नाही, भाजीवालीला विचारलं तर ती हसली. आपट्याच्या रिक्षावाल्याबरोबर पत्र आणि डबा पाठवतो आहे. तिने खाल्ली का, दुसऱ्यांदा घेतली का, एवढं कळवा.

ता. क. तिसरा : डबा उघडू नका. मी चव बघायला वाटीभर खाल्ली आणि घशात काटे पेरल्यासारखं झालं आहे, जीभ सुजली आहे, रिक्षावाल्याशी खुणांनी बोलतो आहे. औषध घेऊन आलेल्या अंकिताने हे रूपाला कळवलं असावं, कारण गणपती गेल्यापासून तिचा पहिला मेसेज आत्ता आला. एवढाच आहे : ‘अळूत चिंच घातलीत का?’ मी घातली नव्हती. घालतात हेच माहीत नव्हतं. मामा, तिला सांगा, घरात चिंच कुठे असते ते मला सापडत नाही. मेसेजवर सांगून मला कळायचं नाही. इथे येऊनच दाखवावं लागेल.