जावयाला घासकाम शिकवताना

४ मार्च, सोमवार
आला एकदाचा! खोक्यातून काढायला चार माणसं, खाली रबराची चटई, वर वेगळा दिवा. नुसता एक यंत्राचा हात — खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे, माणूस तेवढा नाही. साहेब म्हणाले, "भोवती जाळीचा पिंजरा लागत नाही याला. तुमच्या शेजारी उभा राहून काम करणार. धक्का लागला तर आपणहून थांबतो." त्याच्यासमोर मोठ्याने बोलू नका, एवढंच सांगायचं राहिलं. इतके लाड बघून साडूने तिथल्या तिथे नाव ठेवलं — जावई. सगळे हसले. मीही हसलो.

खुर्च्यांच्या पाठी घासणारे आम्ही दोघंच. मी सव्वीस वर्षं, आणि हा माझ्या मेहुणीचा नवरा सतरा वर्षं. मीच चिकटवलं होतं त्याला इथे. आता जावई घासायला लागला की शेजारी एक माणूस पुरे. एकच. साहेबांनी हे असं सांगितलं, जणू पेढे वाटायचेत.

५ मार्च
घरी सांगितलं नाही. ही विचारत होती, "अहो, काय झालंय? नुसती बोटं फिरवताय ताटात." म्हटलं, भूक नाही.

७ मार्च
घरी कळलं शेवटी. दोघी बहिणी स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. भांडण नाही, रडारड नाही. नुसती कुजबुज — आणि मी पाणी प्यायला गेलो तर एकदम चिडीचूप. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

८ मार्च
जावयाला शिकवायचं काम माझ्या गळ्यात! इंजिनिअर मुलगी आली आहे त्यासाठी. त्याचं मनगट धरायचं, टोकाला घासायची चकती आहे, आणि रोज घासतो तसं खुर्चीच्या पाठीवरून फिरवायचं. तो लक्षात ठेवतो आणि तसंच करतो. "एकदाच, काका. मध्ये थांबू नका." सोमवारी.

साडू कानाशी लागला. "वाकडं शिकवा, साडूभाऊ! महिन्याभरात गाशा गुंडाळला पाहिजे त्याने." म्हटलं, बघू.

१० मार्च, रविवार
ठरलं. वाकडंच शिकवायचं. दिवसभर घोकतोय — कुठे दाबायचं, कुठे सोडायचं.

११ मार्च
नाही जमलं! मनगट धरलं त्याचं आणि सगळं ठरवलेलं विसरलो. लाकडाच्या रेषेला आडवं जायचं म्हटलं तर हात जाईच ना. सव्वीस वर्षांची खोड. उलट जीव ओतला. मुलगी म्हणाली, "वा, काका!" आणि मी गाढव, खूश झालो. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. साडूच्याही.

१२ मार्च
लाटा! जावयाने वीस पाठी घासल्या. पॉलिशवाल्याने पहिला हात मारून दिव्याखाली धरल्या, तर प्रत्येकीवर बारीक लाटा. साहेब पाठ फिरवून निघून गेले. साडूने मला सगळ्यांदेखत थाप मारली, "वाघ आहात!" दुपारपर्यंत सगळीकडे तोच डंका पिटत होता — यांनी मुद्दाम बिघडवलं, मुद्दाम! एकाने तर माझा जेवणाचा डबा धुऊन आणून दिला.

पण मी मुद्दाम केलेलं नाही. माझ्याकडून जेवढं चांगलं करता येतं तेवढं केलं होतं. हे कुणाला सांगू? म्हणून इथे लिहितोय.

१३ मार्च
मुलीने पडद्यावर रेघ दाखवली. माझ्या हाताची रेघ, मोठी करून. करवतीचे दाते परवडले. "यंत्राने काही चुकवलं नाहीये, काका. तुम्ही शिकवलं तसंच करतंय." मग आवाज खाली आणून, "हात कधीपासून थरथरतो?"

म्हटलं, थरथरत नाही. खोटं! शर्टाची वरची बटणं ही लावून देते, ते कशासाठी? पण माझ्या खुर्च्या कधी परत आल्या नाहीत, एकसुद्धा! मी डाव्या तळव्याने चाचपतो, उंचवटा लागला की पुन्हा चकती फिरवतो. तळवा शाबूत आहे अजून. तेवढ्यावर निभावतंय, असं धरून चाललो होतो.

साहेबांना ती सेटिंगची चूक सांगणार आहे. भली पोर. पण उद्या साडूला शिकवायला लावणार. त्याची रेघ सरळ येईल, शेजारी माझी दिसेल, आणि मग मला विचारणार कोण? भीती वाटते.

१४ मार्च, गुरुवार
सकाळी साडूला फाटकापाशी गाठलं. खरं काय ते सांगून टाकणार होतो. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "काल पाणी आलं का रे तुमच्याकडे?" थू माझ्या जिभेवर.

त्याने शिकवलं. वाकडं शिकवलं! तेही इतकं उघड — तीन ठिकाणी चकती दाबून धरली, खड्डे पडले लाकडात. साहेब हातभर अंतरावर उभे. "काय चाललंय हे?" तर म्हणतो, "शिकवतोय." तिथल्या तिथे काढलं त्याला. साहेब ओरडले, "आधीचंही याचंच कारस्थान असणार!" तो नाही म्हणाला नाही. एप्रनची घडी घातली, ठेवली आणि गेला.

मी मुद्दाम बिघडवलं असं समजून, मला बघून केलं त्याने. आणि मी जावयाशेजारी उभा होतो, मूग गिळून.

१५ मार्च
मुलीने कॉम्प्युटरवर माझ्या रेघेतली थरथर काढून टाकली. पंधरा मिनिटांचं काम. पाठी आता लख्ख. पॉलिशवाला म्हणाला, "तुमचाच हात हा, दहा वर्षांपूर्वीचा." सोमवारीच का सुचलं नाही हे तिला?

जागा मला मिळाली. पाठ अडकवायची, बटण दाबायचं, पाठ काढायची.

१६ मार्च
मेहुणी आज आली नाही. कालही आली नव्हती.

१७ मार्च, रविवार
साडूकडे गेलो, कबूल करायला. तो काम शोधायला बाहेर गेलेला. दारातच मेहुणीला सगळं सांगितलं — हात थरथरतो, मी मुद्दाम केलं नव्हतं, माझ्यामुळे त्याची नोकरी गेली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यांना माहीत आहे, भाऊजी. तीन वर्षं झाली. तुम्ही जेवायला गेलात की तुमच्या खुर्च्या तेच पुन्हा घासून ठेवायचे. गुरुवारी त्यांचं नीट आलं असतं, तर तुमचा हात उघडा पडला असता."