सदाफुली भलत्याच कबरीवर

प्रिय मार्थाबाई,

पत्र लिहायचं कारण ऐकाल तर पदर तोंडाला लावून हसाल. तुम्ही गेल्यापासून मी दर आठवड्याला कब्रस्तानात येऊन तुमच्यापाशी जे जे बोलले, त्यातलं एक अक्षर तुम्हाला पोचलेलं नाही. सगळं भलत्याच माणसाला सांगून बसले! आता ते सगळं परत बोलायचं म्हणजे तोंड दुखेल, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, तेव्हा चुका काढत बसू नका. तुम्हाला त्याची भारी हौस.

आधी नातवाचं सांगते. तुमच्या लेकीचा आणि माझ्या लेकाचा पोरगा, म्हणजे अर्धा तुमचा अर्धा माझा, पण गाल सगळे माझे आहेत. खाली दोन दात आलेत. चमचा तोंडात घातला की सोडत नाही. मिस्सेला कॉयरनं गाणं धरलं की हाही धरतो. सूर कसला, आरोळी असते, पण गाणं संपल्यावरसुद्धा एकटाच चालू ठेवतो. सगळं चर्च मागं वळून बघतं आणि मी मान ताठ करून बसते. माझा नातू आहे म्हटलं, बघा!

कागदावर नाव जेडन ठेवलंय. मला ते नीट म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही. तुम्ही म्हणाला होतात ना, "ईनबाई, योसेफ ठेवा. सुताराचं नाव आहे, पोरगा हातानं काहीतरी करेल." मी योसेफच म्हणते. तोही योसेफ म्हटलं तरच बघतो. अनिल म्हणतो, "आई, तू त्याला गोंधळात टाकतेस." टाकते तर टाकते.

बाप्तिस्मा पावसाळ्यात झाला. फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं तर रडला नाही हो! जीभ बाहेर काढली आणि ओघळ चाटायला लागला. फादर पुढची प्रार्थनाच विसरले. किती हसलो आम्ही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघा, पोराला तहान आहे देवाची." असं काहीतरी तुम्हालाच सुचायचं.

मी हसते, मार्थाबाई. पोरगा मांडीवर आला की हसू येतंच, ते खोटं नाही. पण गरम चहानं जीभ भाजल्यावर कसं होतं? गोड आहे हे कळतं, पण लागत नाही. तसं चाललंय. सहा महिने होत आले, डोळ्यांतून एक टिपूस नाही. तुम्हाला धरून चार माणसांचा स्वयंपाक करून ठेवते आणि मग आठवतं की घरात मोठी माणसं तीनच.

तुम्ही तरी असं जायचं का? ना दुखणं, ना खुपणं. सकाळी चहा गाळता गाळता खाली बसलात त्या उठलाच नाहीत. पोरगा महिन्याचा. मे महिन्याचं ऊन असं, की कब्रस्तानाच्या फाटकाची कडी हाताला चटका देत होती. तिथं आपल्याच वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, "तान्ह्या पोराला आत नेऊ नये." फादरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, असं काही नसतं. पण तेव्हा कोण विचारतंय? तुमची शीला आत गेली, अनिल आत गेला, सगळी माणसं गेली आणि पोराला घेऊन मी फाटकाबाहेर गाडीत बसले. आतून गाण्याचा आवाज आला, मग थांबला. तेव्हा सगळे एकेक मूठ माती देत असणार. पोरगा माझ्या बोटाला लुचत होता.

तुम्हाला माती द्यायची माझी राहिली. तेव्हापासून मी अशी झाले, असं आपलं मला वाटतं.

रविवारी आपल्याच जागेवर बसते, डाव्या हाताला, पंख्याखाली. तुम्ही पर्स ठेवून धरायचात ती. ख्रिस्तप्रसाद झाला आणि सूचना सुरू झाल्या, की तुम्ही माझ्या हातात खडीसाखर सरकवायचात, आठवतं? परवा सूचना सुरू झाल्या आणि माझा हात आपोआप पुढं गेला. शेजारी कुणाची तरी नवी सून बसली होती. ती गडबडली, पर्स धुंडाळली आणि मला एक टिश्यू पेपर दिला बिचारीनं. मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता जपमाळेचं सांगते. ऐका आणि रागवू नका.

ऑक्टोबरात मरियामाऊलीची मूर्ती घरोघर फिरते, तशी मोशीत आपल्या बिल्डिंगमध्ये आली आणि आमच्या घरी उतरली. मी पांढरी चादर अंथरली, झेंडूची माळ केली, चण्याची उसळ केली. बायका जमल्या. जपमाळ सांगणार कोण? इतकी वर्षं तुम्हीच सांगायचात. सगळ्या म्हणाल्या, "सगुणाबाई, आता तुम्हीच सांगा. त्यांच्या विहीण तुम्ही!" मला काय, जन्मभर म्हटलेली प्रार्थना. क्रूसाची खूण केली, मणी धरला आणि तोंड उघडलं तर "हे पवित्र मरिये!"

तो तर मागचा अर्धा भाग ना! पुढचा अर्धा सांगणारीनं म्हणायचा, मागचा सगळ्यांनी मिळून. तुम्ही निम्मं म्हणायचात आणि मी तुमच्या शब्दावर उडी घ्यायची. इतकी वर्षं उडीच घेत आले हो मी! पुढचं निम्मं माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. परत सुरू केलं, परत तेच. एक-दोघी खुदकन हसल्या. शीला उठली, पोराला उचललं आणि आत निघून गेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं माळ पुरी केली.

बायका गेल्यावर मी उसळीचं पातेलं घासत होते. शीला दारात येऊन उभी राहिली.

"आई, एक विचारू? तुम्हाला माझ्या मम्मीचं काहीच वाटत नाही का?"

मी घासणी पुन्हा साबणात बुडवली.

"मातीला आत आला नाहीत. नंतरही कधी म्हणाला नाहीत की चल, जाऊन येऊ. एकदा डोळ्याला पाणी नाही. तिची साधी प्रार्थना तुम्हाला..."

सांगायचं होतं मला. अगं, मी दर आठवड्याला जाते. पिंपरीच्या मंडईत भाजीला जाते म्हणून सांगते, पण बसमधून उतरून आधी तिच्याकडं जाते, बसते, बोलते, आणि येताना पिशवी रिकामी दिसू नये म्हणून मेथी घेते. पण तोंडच उघडेना. जे काही बोलायचं ते तुमच्यापाशी बोलून संपवत होते, घरात आणायला उरतच नव्हतं. मी पातेलंच घासत राहिले. तुमची लेक माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. पोराला माझ्या हातात द्यायची, पण माझ्याकडं न बघता. त्याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दोन नोव्हेंबरला आला मृतांचा दिवस. अनिलनं सेकंड शिफ्ट घेतली आणि आम्ही सकाळीच निघालो. कब्रस्तानात केवढी गर्दी! मेणबत्त्या, झेंडू, उदबत्त्या, जो तो आपापलं माणूस शोधतोय. मला कशाला शोधायला लागतंय? मी सरळ करंजाच्या झाडाखाली गेले. पहिल्या खेपेला तिथल्या वॉचमनमामांना विचारलं होतं, "मे महिन्यातली नवी कबर कुठली?" त्यांनी हात केला होता, "ती बघा, झाडाखालची." क्रूसावर नाव इंग्रजीत. मला ते काय वाचता येतंय? तिथं मी तुमच्या गॅलरीतल्या सदाफुलीचं रोप लावलं होतं. तीच तुमची, पांढरी, मध्ये लाल ठिपका. पावसात काय फोफावली म्हणता!

मागं वळून बघते तर शीला पलीकडच्या ओळीत, भिंतीकडेच्या कबरीपाशी थांबलेली.

"अगं शीला, इकडं! तिकडं कुठं चाललीस?"

"आई, तुम्ही कुठं उभ्या आहात? मम्मी इथं आहे."

मी त्या क्रूसाकडं बघितलं. या क्रूसाकडं बघितलं. मी तिथंच, त्या परक्या कबरीच्या कडेला बसले.

तेवढ्यात मागून आवाज. "तुमीच का त्या?"

माझ्याच वयाची बाई. जालन्याकडचं बोलणं, हातात मेणबत्त्यांचा पुडा, बरोबर लेक.

"आवो, निस्ता जीव टांगणीला लावला तुमी माझा! ह्ये माझं मालक हायती. आमी ऱ्हातो लांब, यायला जमत न्हाई. वॉचमन म्हनला, एक बाई येती, फुलझाडाला पानी घालती, तासतासभर बोलत बसती. म्या म्हनलं, आरं देवा! सारा जल्म संसार केला ह्या मानसासंगं, आन् ही कोन आता?"

"आई, गप की," तिचा लेक म्हणाला. लाजून लाल झाला होता.

"गप कशापाई? इचारू दे. काय बोलत व्हता वो एवढं माझ्या मालकासंगं?"

मी खरं तेच सांगितलं. "नातवाला दात आले ते सांगत होते."

"आनिक?"

"बाप्तिस्म्याचं. मेथी निवडायला फार वेळ जातो ते. आणि सून बोलत नाही, ते."

ती बाई माझ्याकडं बघत राहिली, मग कपाळाला हात लावला. "आगं बया! ते तर दोनी कानांनी ठार बहिरे व्हते!"

शीला हसली. मे महिन्यापासून पहिल्यांदा. अशी हसली की पोराला अनिलच्या हातात द्यावं लागलं. ती बाई हसली, तिचा लेक हसला, मीसुद्धा हसले. लोक बघायला लागले, मृतांच्या दिवशी ही काय दंगल म्हणून.

मग शीलाचं हसणं थांबलं. तिचं लक्ष फुलांकडं गेलं होतं. खाली वाकून तिनं एक फूल हातात धरलं.

"ही मम्मीची."

"हो."

"तुम्ही दर आठवड्याला येत होता?"

"हो."

तिनं बोटानं फुलावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "म्हणजे एवढी मेथी त्यासाठी होय! आणि मी समजत होते, तुम्हाला आवडते."

"मला मेथी अजिबात आवडत नाही गं," मी म्हटलं.

ती बाई म्हणाली, "न्या बया तुमचं झाड. तुमच्या ईनबाईचं हाय." शीला म्हणाली, "राहू दे, काकू. त्याच्या बिया पडून आजूबाजूला पिल्लं आलीत, आम्ही त्यातलं एक नेतो." तिनं बोटांनी उकरून एक रोप काढलं, मुळांशी माती होती तशी, आणि माझ्या हाताला धरून मला पलीकडं घेऊन आली. तुमच्याकडं. खऱ्या तुमच्याकडं. गवत वाळलेलं, बाकी काही नाही. इतके महिने तुम्ही पलीकडच्या ओळीतून बघत असणार, ही बया कुणाशी बोलतेय म्हणून! एक हाक नाही मारायची?

शीलानं खळगा केला, रोप ठेवलं आणि म्हणाली, "आई, माती तुम्ही द्या."

तिनं रोपासाठी म्हटलं की कशासाठी, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मूठभर माती घेतली. गार होती. पहिली मूठ मी रोपाला घातली नाही, तुम्हाला दिली. मग रोपाला. तेवढ्यात फादर तीर्थ शिंपडत आले, चार थेंब पोराच्या तोंडावर उडाले आणि त्यानं परत जीभ बाहेर काढली. शीला रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. हाताला माती होती, तिच्या पांढऱ्या ड्रेसवर पाचही बोटं उठली. तिनं ती झटकली नाहीत.

मला तेव्हाही रडू आलं नाही, मार्थाबाई. खोटं कशाला सांगू? पण घरी आल्यावर वरण खारट झालं होतं ते माझ्या जिभेला लागलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं.

आता मेथी बंद. शीला आणि मी सांगूनसवरून बरोबर येणार, योसेफला घेऊन. येताना त्या बहिऱ्या बाबांना सलाम करून येऊ. बिचाऱ्यानं माझी गाऱ्हाणी ऐकली नाहीत, पण उठून गेलाही नाही. आणि पोरगा झोपला की शीला माझ्याकडून माळेचं पुढचं निम्मं म्हणून घेते. चुकले की तुमच्यासारखीच डोळे वटारते. पुढच्या ऑक्टोबरात माळ मी सांगेन, तुमचा भाग मी म्हणेन आणि माझ्या भागावर शीला उडी घेईल, हा माझा शब्द.

आणि रडू आलं, की आधी तुम्हालाच येऊन सांगेन. या वेळी बरोबर जागी.

तुमची ईनबाई,
सगुणा