जादा खाट

२ मार्च, रविवार

सौ.ने कपाट खिडकीसमोर लावले! आजच्या फोनवर इतक्या सहजपणे सांगितले की माझा विश्वासच बसेना. "खिडकीसमोर?" — "हो. छान दिसतं." छान दिसतं! लग्न झाल्यापासून ज्या बाईने उजेडापायी पडदा म्हणून लावू दिला नाही, तिने आपल्या हाताने खिडकी बुजवावी?

योगायोग असा की माझ्याही खिडकीसमोर चार दिवसांपासून एक कपाट उभे आहे. छावणीचे भोजनगृह रिकामे करताना हमालांनी ते "तात्पुरते" तिथे टेकवले आणि निघून गेले. उद्या हलवण्याची सूचना मी दिली होती. ती रद्द केली.

वाचणारा मीच असलो तरी नोंद स्पष्ट असावी. समुद्रापलीकडे नेमणूक झाली त्याच आठवड्यात मी ही खोली आमच्या घरच्या झोपायच्या खोलीबरहुकूम लावून घेतली. दोन खाटा शेजारी शेजारी — दाराकडची माझी, भिंतीकडची सौ.ची. मध्ये स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या. युद्ध चालू असताना भोंगा वाजून दिवे गेले, तरी हात तांब्यावर बरोबर पडे. आता युद्ध संपले. लढणारे घरी गेले. भांडाराची आवराआवर करणारे आम्ही मागे राहिलो. दर रविवारी सौ. घरात काय हलवले ते सांगते, मी इथे तसे हलवतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. सकाळी जाग येताना अर्धा क्षण मी घरी असतो. सगळा खटाटोप त्या अर्ध्या क्षणासाठी.

४ मार्च

अंधार. दाढी करताना हनुवटी कापली.

माझ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गुहेत आल्यासारखं वाटतंय. सरकवू का कपाट?"

"नको. घरीही तिथेच आहे."

यावर त्याने गरम घास चुकून तोंडात गेल्यासारखा चेहरा केला. माझ्याच वयाचा, सरळ माणूस आहे. मागे रजेवर गेला तेव्हा माझे सामान घरी पोचवून आला, तेव्हापासून सौ.चा उल्लेख "आमच्या वहिनी" असा करतो. वहिनी माझ्याकडून नात्याने लागते की त्याच्याकडून, हे मी अजून विचारलेले नाही.

६ मार्च

एक मोजा काळा, एक तपकिरी — तशाच पायांनी हजेरीला गेलो! मुख्य साहेब (वयाने माझ्या पुतण्याएवढे) खाली बघून म्हणाले, "नवी फॅशन?" छावणीचे डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना हसण्याचा अधिकार कोणी दिला?

९ मार्च, रविवार

सौ. फोनवर सारखी शिंकत होती. अंधारात कपडे शोधताना धूळ उडते म्हणे. "मग हलव ना कपाट!" — "नको, असू दे. सवय होईल. तुम्ही मजेत ना?"

मजेत, म्हणालो. गुडघा कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून हिरवानिळा झाला आहे.

११ मार्च

परिपत्रकाचा मसुदा पूर्ण केला. "प्रत्येकास एक खाट, एक गादी व एक उशी अनुज्ञेय राहील. उर्वरित साहित्य जादा समजून तात्काळ जमा करण्यात यावे." साहेब खूश झाले — "वा! पळवाटच ठेवली नाहीत!"

डॉक्टरांकडे दोन उश्या निघाल्या. एक जमा केली. "अहो, माझी मान आखडते हो!" मी म्हणालो, "नियम मानेलाही लागू आहे."

१३ मार्च

साहेब परिपत्रक हातात घेऊन खोल्या तपासत आले. माझ्या खोलीत थबकले.

"ही दुसरी खाट कोणाची?"

"पत्नीची."

"त्या इथे राहतात?"

"नाही, साहेब."

"मग?"

मी पोचपुस्तक उघडले. साहेबांच्या मागे डॉक्टर उभे होते — मान चोळत, परम समाधानाने.

दोहोंपैकी कोणती द्यायची ते मी ठरवायचे होते. सौ.ची देणे मनाला पटेना. दाराकडची, माझी, दिली. हमाल खाटेचे पाय जमिनीवर घासत नेतात म्हणून एक बाजू मीच उचलली. पोच मीच लिहिली, मीच घेतली.

१४ मार्च

खाट होती तिथे जमिनीवर खडूने रेघा आखल्या. निदान जागा राहावी, एवढाच हेतू. झाडू मारायला आलेला सफाईवाला दारातच थांबला. "साहेब, इथं कोणाचा खून झालाय का?"

१६ मार्च, रविवार

खाटेचे सौ.ला सांगितले नाही. तिने उगाच का हिरमुसावे? "झोप लागते ना नीट?" तिने विचारले. लागते, म्हणालो. ती म्हणाली, "बरं."

हे "बरं" मला बरे वाटले नाही.

१८ मार्च

मेव्हण्याचा फोन. आधी हवापाण्याच्या गप्पा, मग हळूच — "दाजी, रागावणार नसाल तर एक बोलू? ताईने तुमची खाट बाहेर काढली."

"बाहेर म्हणजे?"

"मागच्या व्हरांड्यात. भिंतीला उभी केलीय, वर चादर टाकून. मी विचारलं तर म्हणाली, तू यात पडू नकोस. काय हो दाजी, भांडलात का?"

भांडण? गेल्या किती रविवारांत आम्ही आवाजही चढवलेला नाही. तेच तर नसेल कारण? माणूस भांडेनासा झाला की घराला त्याची सवय सुटते. कपाट, आता खाट — मी नसलेल्या घराची तिने नव्याने मांडणी चालवली आहे, आणि मी मूर्खासारखा इथे तीच मांडणी गिरवतो आहे!

२० मार्च

साहेबांनी बोलावून विचारले, "इथलं काम अजून वर्षभर चालेल. मुक्काम वाढवाल? तुमच्यासारखा काटेकोर माणूस मिळणार नाही. शनिवारी सांगा."

महिन्यापूर्वी मी खुर्चीवर बसण्याआधीच नकार दिला असता. आज म्हणालो, विचार करतो.

२२ मार्च, शनिवार

होकार द्यायला निघालो. ड्रायव्हर गाडी अशी चालवत होता की बाजूने सायकली पुढे जात होत्या.

"साहेब, घरी नाही का जायचं?"

"घरी माझी खाट राहिलेली नाही."

त्याने करकचून ब्रेक मारला. माझे कपाळ समोर आपटले. (गुडघ्याला जोडीदार मिळाला.)

"ती माझ्यामुळे गेली हो, साहेब!"

आणि मग त्याने सगळे ओकून टाकले. तो रजेवर गेला होता तेव्हाच सौ.ने त्याला कामाला लावले होते. "वहिनी म्हणाल्या, ते इथल्यासारखी खोली लावतात, पण तिकडे काही अडलं-नडलं तर मला सांगायचे नाहीत. तुम्ही दर शनिवारी कळवा. मी इकडे तशी लावीन. म्हणजे दोन्हीकडे सारखं राहील."

"आणि कपाट?"

"हमालांनी ठेवलं, मी कळवलं. वहिनींनी लगेच सरकवलं."

"गाढवा, मग मला बोलला का नाहीस?"

"वहिनींनी शपथ घातली होती! शिवाय मी सरकवू का विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, घरीही तिथेच आहे. मी तरी काय करणार?"

म्हणजे हमालांच्या आळसापायी दोन शहाणी माणसे समुद्राच्या दोन बाजूंना अंधारात ठेचकाळत होती — एकमेकांच्या सोबतीसाठी! मला हसू फुटले, ते आवरेना. डोळे पुसावे लागले. कपाळही दुखत होते, हे एक कारण.

"गाडी मागे वळवू?" ड्रायव्हरने विचारले.

"नाही. साहेबांकडेच घे. नकार समक्ष द्यायला हवा."

२३ मार्च, रविवार

"मी कपाट हलवतो आहे," मी फोनवर म्हणालो.

"कुठे?"

"तू सांग."

"मी नाही. तुम्ही सांगा."

मग तिची शिंक. मग जे हसायला लागलो ते फोन कापला जाईपर्यंत. खाटेचा विषय राहूनच गेला.

१७ एप्रिल

किल्ल्या सुपूर्द केल्या. खडूच्या रेघा स्वतः पुसल्या. माझी उशी डॉक्टरांच्या खाटेवर ठेवून आलो. त्यांना आता दोन झाल्या. कुठेही नोंद केलेली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

घरी. कपाट जागेवर, खोलीत भरपूर उजेड. पण खाट एकच — भिंतीकडची. व्हरांड्यातली आत आणतो म्हणून मी बाह्या सरसावल्या, तर सौ. दारात आडवी उभी राहिली. "तुमच्या साहेबांनी जादा ठरवली ना ती? मग जादाच."

परिपत्रक माझेच. हरकत घेतली नाही.