गिट्टीतली अंडी

१३ एप्रिल

नाकतोडा मेला. फ्रिजमध्येच मेला! थोडाच वेळ ठेवायचा होता. थंडीनं किडे सुस्तावतात, हलत नाहीत, मग जवळून फोटो मिळतो. पण मी पोळ्या लाटायला बसले अन् विसरले. डबी सापडली कोणाला, तर मामाजींना. माझे सासरे, नानाजी. दही समजून झाकण उघडलं.

"सूनबाई! जेवाच्या फ्रिजात किडे ठेवून राह्यली तू?"

फोटोसाठी, म्हटलं.

"लोकाच्या सुना पोट्ट्यायचे फोटो काढतात."

डबी खिडकीतून बाहेर. नाकतोड्याचं वाईट वाटलं का? खरं सांगू — फोटो हुकला त्याचं जास्त वाटलं.

१५ एप्रिल

या घरात येऊन महिना झाला. मेडशीच्या बाहेर, रस्त्याला लागून, तीन बाजूंनी रिकामी वावरं. गावातल्या जुन्या घरात खिडकी उघडली की शेजारणीचं मोरीतलं पाणी दिसायचं. इथं दार उघडलं की पक्षी! माझ्या भावानं, प्रज्वलनं, पुण्याला जाताना जुना कॅमेरा मला दिला. तेव्हापासून मी कामाची राहिले नाही, असं मामाजी म्हणतात. आधी होते जणू.

गच्चीवर पिलरच्या सळया वर सोडल्यात. वरचा मजला नातवाचा, असं मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सळयांना गंज चढला. त्यांच्या टोकावर वेडे राघू बसतात, हिरवेगार, चोचीत माशी धरून. आज चांगले फोटो आले. नातवाच्या मजल्याचा कोणाला तरी उपयोग झाला!

१८ एप्रिल

खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. एक कोपरा फुटला होता, आत पाहिलं. कोळी भरलेत, दाटीनं. मेलेले नाहीत! डंख मारून लुळे केलेले. तिची अळी त्यांना हळूहळू खाणार, ताजे ताजे. कॅमेऱ्यात एकाचा पाय हललेला दिसला. अंगावर काटा आला अन् मी अजून जवळ गेले.

संध्याकाळी मामाजींनी चपलेनं सगळं साफ केलं. "नव्या रंगावर माती!"

२० एप्रिल

आज मी नाचले असते!

कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेले अन् डोक्यावरून टिटवी अशी आली, की पातेलं सुटायचंच बाकी होतं. आधी कळेना कशाला चिडली. मग बांधकामातून उरलेल्या गिट्टीच्या, खडीच्या ढिगाकडे पाहिलं. पाहिलं, परत पाहिलं — गिट्टीतच चार अंडी! घरटं नाही, काडी नाही, गिट्टीच्याच रंगाची अंडी. पाय पडला असता तर कळलंही नसतं.

फोटो घेतले. आता पिल्लू निघेपर्यंत रोज घेणार. वाशीमला पक्षीमित्रांचं प्रदर्शन असतं, त्यात अंड्यापासून पिल्लापर्यंत सगळं ओळीनं लावीन. खाली माझं नाव. सौ. वैभवी नाही, नुसतं वैभवी.

२१ एप्रिल

मामाजींना कळलं. "कुरड्या पोर्चमंधी काहून घातल्या?" इथून सुरू झालं अन् टिटवीपाशी आलं.

तोंडच उतरलं बुढ्याचं! साप शेपटीला धरून आपटणारा माणूस. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, वर आलाच नाही. "घरावर टिटवी म्हंजे मौत हाये. सोजर गेली तवा तीन दिस वरडत होती." सोजरबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तोवर त्या गेल्या होत्या. हरीओम, माझा नवरा, म्हणतो त्यांना कावीळ होती, दवाखान्यात नेलंच नाही. मामाजींच्या हिशेबात टिटवीनं नेलं.

अठरा मेला वास्तुशांती धरली आहे. त्याच्या आत अंडी गेली पाहिजेत, असा हुकूम.

२४ एप्रिल

सायकलच्या ट्यूबची गलोल. पोर्चमधून. माझ्या डोळ्यांसमोर.

वेडा राघू सळईवरून खाली पडला, पंख अजून उघडमीट करत होता. मी फोटो घ्यायला वर गेले होते, कॅमेरा डोळ्यालाच होता. पडतानाचा फोटो आला. पुसलासुद्धा नाही.

"हात गेला नाई अजून माया!" बुढा खूश. हरीओमही हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

मी विचारलं, एवढा हात चांगला आहे तर टिटवीला का नाही मारत?

"तिले नाई मारत. तिच्या अंड्याले हात लावला त्याचा वंश बुडते."

२७ एप्रिल

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं कोणी बोलतं का.

जेवताना मामाजी म्हणाले, अंडी आज उचल. मी म्हटलं, "मीच काहून? तुमीच म्हणता ना, वंश बुडते?"

"म्हनून त तुले सांगून राह्यलो. तुयं काय जाते? तुयं तसंही काई नाई."

तीन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात माझं गेलं, त्यानंतर काही नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. हरीओमनं ताटावरची मान वर केली नाही.

मी म्हटलं, "अन् ह्यांचा वंश? तो माया पोटातूनच येईन ना?"

"त्याचं अजून वय हाये," बुढा म्हणाला. भात कालवत. "त्याले होऊ शकते."

म्हणजे दुसरी करून! वरणात मीठ कमी आहे, हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात सांगितलं.

हरीओमनं ताक मागितलं. मी दिलं.

२८ एप्रिल

रडले नाही. एवढंच.

३० एप्रिल

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सासूबाईंच्या नावानं घागर भरली, मामाजींनी घास टाकला, कावळा लवकर शिवला नाही. वर टिटवी ओरडली अन् बुढ्याच्या हातातला तांब्या सांडला. पार पाणी-पाणी.

मला सुचलं ते तेव्हाच.

१ मे

फार सोपं निघालं. टिटवीचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. वास्तूच्या गाण्यांसाठी हरीओमनं ब्लूटूथ स्पीकरचा डबा आणलाय, तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवला — बरोबर खाली पोर्च, पोर्चमध्ये मामाजींची बाज. हरीओम तालुक्याला, मालेगावला कृषी केंद्रात कामाला गेलेला. जेवण झालं, बुढा आडवा झाला, मी स्वयंपाकघरातून लावलं.

दचकून उठला. परत आडवा झाला. परत लावलं.

अन् गंमत म्हणजे खऱ्या टिटव्यांनाही वाटलं दुसरी आली आपल्या जागेत! दोघंही नर-मादी टाकीवर तुटून पडले. मी कॅमेरा घेऊन जिन्यातून धावले. पंख पसरलेले, चोच उघडी, पाय खाली सोडलेले — असे फोटो मला जन्मात मिळाले नव्हते!

एका दगडात दोन पक्षी.

४ मे

रोज दुपारी लावते. बुढ्यानं देवघरात दिवा अखंड ठेवलाय. कढी परत पाठवली. "भूक नाई." लावा म्हणावं आता गलोल!

हरीओम रात्री म्हणाला, "बाबा घाबरून राह्यले व. तू उचलून टाक ना ते अंडे."

"तूच उचल," म्हटलं. "तुयं त अजून वय हाये."

त्यानं दिवा घालवला. मग माझ्या अंगावर हात टाकला. मी सरकवला नाही. का, ते मलाही माहीत नाही.

९ मे

ऊन असं की स्लॅबवर चप्पल चिकटते. मामाजींनी बाज पोर्चमधून उचलून फाटकापाशी लिंबाखाली नेली. मी आवाज वाढवला.

आज माझ्याशी नीट बोलले! "वैभवी, बेटा, तुले आयकू येते का व? की मलेच येते?"

बेटा! नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "नाई बा मामाजी. टिटवी? कवा वरडली?"

खालचा ओठ थरथरला त्यांचा. मला इतकं बरं वाटलं की मी आत येऊन चहा केला, एकटीनं प्याले, दोन चमचे साखर घालून.

१२ मे

शेजारच्या वावरातले सेवादास दूध द्यायला आले. म्हणाले, "तुमची टिटवी अंड्यावर बसतच नाई काय? दिसभर टाकीवरच बोंबलून राह्यली."

मी म्हटलं, आहे तशी तापट.

फोटो खूप झालेत. उडतानाचे, झेपावतानाचे. बसलेले कमी.

१६ मे

घरात पाहुणे यायला लागले. मांडव पडला. मामाजी निम्मे झाले. शर्ट खांद्यावर लोंबतो. पाहुण्यांना सांगतात, "माही वास्तू पाह्यनं होते का नाई, कोन जाने." बायका डोळ्यांना पदर लावतात. डबा आज लावला नाही, हरीओमला गाण्यांना हवा होता.

अंड्यांना अजून भेग नाही. टिटवी आज दुपारभर बसली होती. पोटाची पिसं कुठूनतरी ओली करून येते अन् अंड्यांवर बसते, गार करायला. शहाणी! मी कधी पाहिलं नव्हतं हे.

का पाहिलं नव्हतं?

१७ मे

वास आला. आधी वाटलं मांडवातलं काही नासलं.

एक अंडं कुजून फुटलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. मी दुसरं उचललं, कानाशी धरलं, हलवून पाहिलं. मग टाकीच्या कडेवर आपटलं. आत पिल्लू होतं. पूर्ण. डोळे, नखं, ओलं काळं-पिवळं पीस. शिजलेलं.

मी खाली बसले. सगळे फोटो काढून पाहिले, एक मेपासून. प्रत्येक दुपारी टिटव्या टाकीपाशी. प्रत्येक फोटोत मागं गिट्टी, गिट्टीत उघडी अंडी, अन् वर ते ऊन. प्रत्येक फोटो मीच घेतलेला. मी अंड्यांकडे पाहिलंच नाही, मला पंख पाहिजे होते. अन् बुढ्याचा ओठ.

बुढ्याच्या गलोलीनं एक राघू मेला. माझ्या डब्यानं चार मेली. तेही पंधरा दिवस रोज थोडं थोडं. कुंभारीण बरी.

कोणाला सांगू? उद्या वास्तू.

१८ मे

केलं मी. होम सुरू व्हायच्या आधी, सगळी पंगत बसायची असताना, ताम्हणात घालून नेली. दोन अख्खी, दोन फुटलेली. दोन्ही हातांनी उचलली, एकेक करून, टरफलं पण. स्वयंपाकघरातला चिमटा घेता आला असता. घेतला नाही.

मामाजींसमोर ठेवली. "घ्या. तुमचं काम झालं. मी हात लावला. मायं काय जाते? मायं तसंही काई नाई."

भटजींचं मंत्र म्हणणं थांबलं. हरीओमची आत्या "अवं बाई" म्हणाली. मामाजी ताम्हणाकडे बघत राहिले अन् मग माझ्याकडे. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. पाया पडल्यासारखे हात जोडले — मला की अंड्यांना, कळलं नाही.

मग मी हात धुऊन हरीओमशेजारी होमाला बसले. जोडीनं.

१९ मे

मामाजींनी पाच पोळ्या खाल्ल्या. मौत टळली म्हणतात. सगळं सूनबाईनं अंगावर घेतलं, असं पाहुण्यांना सांगत होते. कौतुकानं!

२३ मे

टिटवी येते अजून. रिकाम्या गिट्टीवर बसते, उठते, सरकून परत बसते. कॅमेरा पिशवीत घातला. प्रज्वलला फोन केला की परत नेऊन टाक. का म्हणाला. डोळे दुखतात, म्हटलं.

३ जून

दोन रेषा.

मालेगावची डॉक्टरीण म्हणाली, दीड महिना धरा. हरीओम दवाखान्यातच रडला, येताना पेढे घेतले, पोर्चमध्ये बाबांना सांगायला निघाला. मी त्याची बाही धरली. काहून व, म्हणतो. काय सांगू याला! दीड महिना म्हणजे अंडी उचलली तेव्हा ते होतंच. मी दोन्ही हातांनी उचलली.

वर टिटवी ओरडली.

कपाट उघडून पाहिलं. डबा आतच होता. बंद होता.