सगुणाच्या कारखान्यातली हिरवी खूण

पेण, सोमवार

प्रिय मृणाली,

तुझ्या प्रोग्रामच्या एका हिरव्या खुणेची खरी किंमत आधी ऐक. लाल सोवळ्याऐवजी पिवळ्या सोवळ्यात रंगून बसलेले टेम्पोभर गणपती, तो टेम्पो रोह्याला जाऊन भरलेलाच परत आला त्याचं डिझेल, सगुणाच्या कारागिरांची फुकट गेलेली मेहनत, आणि अख्ख्या हमरापुरात माझी झालेली शोभा. पोरीने प्रोग्राम फुकट लिहून दिला होता, असं मी सगुणाला म्हणालो. ती म्हणते, "फुकटचा हाय म्हणून तर महाग पडला."

झालं ते असं. रोह्याच्या विक्रेत्याने फोनवर रंग बदलला. सगुणाच्या सुनेने, मनस्वीने, तो कारखान्याच्या कॉम्प्युटरवर भरला. तुझा प्रोग्राम आधी विचारतो, या फाईलमध्ये लिहिता येईल का? उत्तर हो आलं, हिरवी खूण दिसली, मनस्वी भाकऱ्या टाकायला घरी गेली. मागाहून प्रत्यक्ष लिहायची वेळ आली तेव्हा विंडोजने नकार दिला, प्रोग्रामची काळी खिडकी काही न सांगता आपोआप मिटली आणि फाईलमध्ये जुना पिवळाच राहिला. "हिरामण, तुझा कंपूटर आमच्या जावयासारखा हाय रे," सगुणा म्हणाली. "विचारला की व्हय, कामाला लावला की नाय!"

तुला फोन केला तर तुझं एकच पालुपद, "बाबा, माझ्या लॅपटॉपवर चालतंय." अगं बाई, तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स! हमरापुरात लिनक्स कोण वापरतं? फाईलचे गुणधर्म उघडून बसलो, डोळ्यांची आग झाली. 'रीड-ओन्ली'ची खूण नव्हती, फाईल दिसायला अगदी मोकळी. मग कळलं. प्रोग्राममधल्या तुझ्या त्या विचारणाऱ्या ओळीला लिनक्सवर फाईलचा मालक कोण, कुणाला काय मुभा, हे बघून उत्तर मिळतं. विंडोजवर तीच ओळ फक्त रीड-ओन्लीची खूण बघते आणि हो म्हणून मोकळी होते. कुठल्या लॉगिनला लिहायची परवानगी आहे त्याची खरी यादी आत असते, तिथे ती डोकावतसुद्धा नाही. फाईल बनवली सगुणाच्या मुलाच्या लॉगिनने. मनस्वीच्या लॉगिनला नुसती वाचायची मुभा.

चीड आली ती याची, की हे मला तरी आधी सुचायला हवं होतं. शाडूची मूर्ती वरून पांढरी पडली की नवखा माणूस सुकली म्हणतो आणि रंगवून फसतो. मी कान्हूशेठच्या कारखान्यात माती मळून वर आलेला माणूस. टिचकी मारायची आणि ऐकायचं. आतून ओली मूर्ती बद्द वाजते. तोच कान घेऊन पेणेत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. मरायला टेकलेली हार्ड डिस्क मी आवाजावरून सांगतो, आणि माणसाचा होकार खरा की वरवरचा तेही. पाडव्याला जेवताना तू म्हणालीस, "हो बाबा, आपलं रोह्याचं दुसरं दुकान मी बघते." तू पुण्याला निघालीस तेव्हा दुकानाची किल्ली तुझ्या पर्समध्ये वाजली ती मी या कानांनी ऐकली. कोलाडच्या टपरीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो, पोरगी किल्ली घेऊन गेली. तुझ्या नावाची पाटीसुद्धा रंगवून घेतली.

प्रोग्राम मी दुरुस्त केला. आधी विचारणं काढूनच टाकलं. मध्येच कुणी फाईल एक्सेलमध्ये उघडून बसला तर मघाचा होकार काय चाटायचा? आता तो सरळ फाईल उघडतो आणि लिहितो. नकार आला तर लाल अक्षरं दाखवून भोंगा वाजवतो. विंडोज असो की लिनक्स, जे आहे ते कळतं.

तेव्हा तुलाही आता विचारत नाही. पाडव्यापासून "पुढच्या महिन्यात येते" ऐकून माझे कान किटले. एक रविवार ये, रोह्याचं शटर वर कर, दिवसभर त्या खुर्चीत बसून बघ. नाहीतर सरळ नाही म्हण, भोंग्यासारखं म्हण. मी रागावेन, आणि पाटी दुसऱ्या नावाने रंगवून घेईन. फोनवर तू पुन्हा हो म्हणशील, म्हणून हे पत्र. आज आईने देव्हारा पुसायला काढला. रोह्याची किल्ली मागच्या खिळ्याला टांगलेली आहे, तिच्यावर धूळ आहे. तुझ्या पर्समध्ये वाजली ती पुण्याच्या खोलीची.

तुझाच,
बाबा