पाचव्या प्रश्नानंतर

१३ जुलै १९८२
पट चौतीस, हजर बावीस. गिरणी संपाला सहा महिने होत आले. फणसवाडीहून बसने भोईवाड्याला, कुमुदच्या वर्गावर. मुख्याध्यापिका आजही म्हणाल्या, "सर, रिटायर होऊनही रोज येता. बाईंशिवाय घरी करमत नाही ना?" नाही करमत. कुमुदला जाऊन दोन वर्षं. पहिलीचा वर्ग तिचा, मी आपला वरच्या मुलांना कविता शिकवणारा.
टेप लावली. पोरांनी टोपलीतल्या सुताच्या रिकाम्या बॉबिनी मांडल्या. बापांनी गिरणीतून आणून दिलेल्या, आमचे बगळे. टेपमधून कुमुद विचारते, "तळ्यावर चार बगळे, एक उडाला, उरले किती?" मग थांबते. ज्याची पाळी तो बगळा उचलतो, मोजतो, सांगतो, "तीन." कुमुद म्हणते, "शाब्बास."
पोरांना वाटतं बाई टेपच्या आत बसून ऐकतात. मी तसंच वाटू देतो.

१८ जुलै, रविवार
दुपारी घरी टेप ऐकली. वर्गाच्या तयारीसाठी, असं स्वतःला सांगतो. मोकळ्या जागांत मीच उत्तरं देतो. शाबासकी मिळते.
आवाज भरताना तिच्याशी भांडलो होतो. आयुष्यभर चालीवर कविता म्हणणारा माणूस, यंत्र कसं रुचावं. म्हटलं, तू समोर असताना हा डबा कशाला? म्हणाली, "पोरं उत्तर माझ्या तोंडावर शोधतात. डब्याला तोंड नाही."
पाचव्या प्रश्नाला माझ्या हातून बशी वाजली. ती "शाब्बास" म्हणाली आणि लगेच, खालच्या आवाजात, "हळू हो." पुसून परत भरू म्हटलं, तर राहू दे म्हणाली. अख्ख्या टेपवर माझ्याशी बोललेले एवढे दोनच शब्द. पोरांना वाटतं त्यांनाच दटावते. तीही तिच्याबरोबर एका सुरात म्हणतात, "हळू हो."
कॅसेट एकच. भाचा प्रत काढून देतो म्हणतोय. या महिन्यात नक्की.

२७ जुलै
पाचवा प्रश्न आज सुमनचा. पहिल्या रांगेतली, दोन घट्ट वेण्या, बाप गिरणीत साच्यांवर कापड विणायला होता. आहे. सात बगळे, दोन उडाले. तिने दोन बॉबिनी उचलल्या, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "अकरा."
टेप: "शाब्बास. हळू हो."
या वेळी तिच्याबरोबर कोणी म्हणालं नाही. सुमन उभीच. "बाई ऐकत नाय, सर. मी चुकीचा बोललंय."
मागून दिगू: "मग आपण कोणाक सांगतो?"
मी नुसता टेपचा आवाज वाढवला. शंभर कविता पाठ असलेला माणूस.

२९ जुलै
खेळ मोडला. पोरं काहीही ओरडतात, शंभर, भोपळा, आणि शाब्बास घेतात. हसतात. सुमन हसत नाही, बॉबिनी टोपलीत एकेक करून ठेवत बसते. टेप बंद केली, जुन्या चालीवर एक कविता म्हणून दाखवली. गोड ऐकली सगळ्यांनी. पण गणिताचं काय?
घरी येऊन टेप लावली. मोकळी जागा आली. बोललो नाही. तरी शाब्बास.

१७ ऑगस्ट
हजर सोळा. गणपतीला गावी जाणारे निघू लागले.
मधल्या सुट्टीत सुमन जवळ आली. "सर, माझो आवाज आत घाला. आत बाई आसत ना, मगे तेंका ऐकाक येतला."
नाही कसं म्हणणार. पाचवा प्रश्न संपला तिथे टेप थांबवली, म्हटलं बोल, आणि आवाज भरायचं लाल बटण दाबलं. हात पाठीमागे बांधून, डब्याजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "पाच." इतकं नीट, जसं कोणाच्या ओंजळीत ठेवावं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. बटण बंद करायचं राहूनच गेलं.
"बाई काय बोलल्या?"
"उद्या सगळ्यांबरोबर ऐकू."
पोरं गेल्यावर लावून पाहिली. सुमनचं पाच. मग खरखर. मग एकदम सहावा प्रश्न.
शाब्बास नाही. हळू हो नाही. तीनदा मागे नेऊन ऐकलं.

१८ ऑगस्ट
सुमन आली नाही. शाळा सुटल्यावर तिच्या चाळीत गेलो. खोलीला कुलूप. शेजारची म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. "गणपतीक गेली ती, सकाळच्या एसटीन." म्हटलं बरं, गणपती झाले की येईल. म्हातारी सुपातून मान वर न करता म्हणाली, "पाटो-वरवंटोव घेवन गेली."
"गणपतीला जाताना पाटा-वरवंटा कोण नेतं?"
"तुमी मास्तर ना? तुमीच सांगा."

१९ ऑगस्ट
भाच्याचा निरोप, रविवारी कॅसेट घेऊन या. राहू दे म्हणून कळवलं. आता कसली प्रत.

९ सप्टेंबर
गावी गेलेली माणसं परतली. सगळी नाही. सुमन नाही. टेप कपाटात.
सकाळी बशी विसळताना वाजली आणि टेप भरली त्या दिवसाचं राहिलेलं आठवलं. मीच विचारलं होतं, पोर चुकलं तरी शाब्बास? कुमुद म्हणाली, "बरोबर आलं म्हणून नाही हो. तोंड उघडलं म्हणून. पहिलीत तेवढंच लागतं."
सहा आठवडे उशिरा आठवलं. एवढंच सुमनला सांगायचं होतं. आता ती कुठल्या शाळेत, की शाळेतच नाही. बाई ऐकत नाहीत एवढं बरोबर घेऊन गेली. पत्र टाकावं तर हजेरीबुकात चाळीचा पत्ता, गावाचा नाही. शेजारची म्हातारी म्हणते, मालवणच्या बाजूला कुठेतरी. एवढ्यावर पोस्टमन काय करणार.

२९ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. हजर चौदा. संप चालू आहे की संपला, कोणी धड सांगत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सुमनचं नाव कमी करू का?" वर्षअखेरपर्यंत राहू दे म्हटलं. "बघते," म्हणाल्या. "आणि तुमचा तो बगळ्यांचा खेळ का बंद?"
टेप कपाटातून काढली. आधी पोरांना शाब्बासचं सांगितलं, कुमुदच्याच शब्दांत. दिगू म्हणाला, "म्हणजे शंभर बोललो तरी?"
"तरी."
थोडा विचार केला त्याने. "मग बरोबरच बोलतो."
चार प्रश्न नीट गेले. पाचवा. कुमुद: "तळ्यावर सात बगळे, दोन उडाले, उरले किती?" आणि डब्यातून सुमन: "पाच."
"सुमन आली?" सगळ्या माना दाराकडे. मी खिडकीकडे तोंड केलं, पोरांना माझ्या तोंडावर काही सापडू नये. खरखर सुरू. आता ही जागा कशी भरायची, या विचारात होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागून, नेहमीच्या सुरात, सगळी एकदम: "शाब्बास. हळू हो."

सहावा प्रश्न आला. पाळी कोणाची होती कोण जाणे, कोणी बोललं नाही, कोणी बगळा उचलला नाही. वळून पाहिलं तर सगळी अजून दाराकडेच बघत होती. कुमुद थांबायची तेवढी थांबली. मग म्हणाली, शाब्बास.